रिकाम्या मंडपातला वन्समोअर

दिवे मालवले की नंदूमामा आवाज खाली आणतो आणि आम्ही सगळे आपोआप एकमेकांना चिकटतो यार. या गोष्टीतली पद्मजा म्हणे त्याच्या शेजारची. खोटं वाटत असेल तर मुलुंडला जाऊन कुणालाही विचारा, म्हणतो.

साल छप्पन. कार्तिकातली अमावस्या.

दुसऱ्या दिवशी पद्मजाचं पहिलं संगीत नाटक, तेही नायिकेचं काम. माणिकबाईंकडे वर्षानुवर्षं पहाटे उठून गळा तयार केलेला. वडिलांनी बजावलेलं, हा खेळ पडला तर गाणं बंद. तिचा तंबोरा मैदानातल्या मंडपातच राहिला होता, म्हणून जेवणं झाल्यावर ती आणायला निघाली. सोबत पेटीवाला श्यामसुंदर.

"तू घे, मी विडी मारून आलोच," म्हणत तो रस्त्यावरच थांबला.

स्टेजवर एक कंदील. समोर काळोख. आवाज कुठवर पोचतो बघू, म्हणून तिने एक पद म्हटलं. झकास लागलं. शेवटची तान संपली, तोच मागच्या रांगेतून आवाज आला.

"वन्समोअर."

श्यामसुंदरच असणार. "पुरे रे, गळा बसेल," ती हसली.

"वन्समोअर."

आता, लोकांनी मागितला की द्यायचा, नाहीतर बाई मिजासखोर, हे माणिकबाईंनी हाडात मुरवलेलं. तिने पुन्हा गायलं.

"वन्समोअर." मधल्या रांगेतून. आता त्यात बायकांचेही आवाज.

"श्याम, चेष्टा पुरे हं..."

खुर्ची करकरली. मग पुष्कळ करकरल्या.

ती गायली. तिला थांबायचं होतं. गळा थांबेना.

"वन्समोअर." पहिल्या रांगेतून.

तेवढ्यात कनात बाजूला सारून श्यामसुंदर आत आला. रस्त्याकडून.

"एकटीच काय गात सुटलीस गं?"

पद्मजाने समोर बोट दाखवलं. त्याने कंदील उचलला.

रांगा रिकाम्या.

"चल घरी," तो हळूच म्हणाला. "मागे बघू नकोस."

ती वळली. आणि अगदी कानाशी...

इथे नंदूमामा थेट सकाळवर उडी मारतो.

सकाळी पद्मजाच्या गळ्यातून हूं की चूं नाही. माणिकबाई काढा घेऊन धावत आल्या. पोरीची उजवी मूठ घट्ट मिटलेली, आईलाही उघडता आली नव्हती. बाईंनी एकेक बोट सोडवलं.

आत सुपारी. अख्खी, ओली.

नाटकवाल्यांत सुपारी देतात ती पुढचा खेळ ठरवायला; घेतली की जावंच लागतं. बाईंनी ती उचलून निरखली.

"पद्मे," त्या म्हणाल्या, "कुठल्या खेळाची घेतलीस गं?"