काकांचं नवं माप

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या मावसबहिणीच्या घरात, भरदुपारी घडलेली आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी मात्र कालपासून फोन वाजला की तो उचलायचं टाळते.

ताईचे बाबा, म्हणजे माझे काका, टेलर. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. ते टेप लावून माप म्हणायचे आणि मावशी समोरच्या स्टुलावर बसून तेच पुन्हा म्हणत लिहून घ्यायची.

"छाती अडतीस."

"अडतीस."

जन्मभर हेच. "नवऱ्याची री ओढायची नोकरी आहे माझी," असं ती गिऱ्हाइकांना हसत सांगायची.

मग मावशी गेली. पाठोपाठ काकांना झटका आला आणि त्यांची वाचा अजब झाली. स्वतःचा एक शब्द नाही. कानावर पडेल त्याचं शेपूट तेवढं तोंडातून बाहेर यायचं. "बाबा, जेवता ना?" विचारलं की "जेवता ना?" थांबवू म्हटलं तरी थांबायचं नाही. डोळे भरून यायचे बिचाऱ्यांचे.

त्या दुपारी ताई आत कपड्यांच्या घड्या घालत होती. दुकान बंद. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

पुढच्या खोलीतून काकांचा आवाज आला...

"छाती चौतीस."

ताईचा हात थांबला.

काका तर फक्त ऐकलेलंच बोलतात. मग हे म्हटलं कोणी?

"कंबर अठ्ठावीस..."

ती धावत बाहेर आली. काका खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही हात अंगापासून जरा दूर धरून. समोर कोणीच नव्हतं.

खुंटीवरचा टेप मात्र हलत होता...

काकांचं माप ताईला पाठ होतं. छाती चाळीस. पण आजारपणात ते पार वाळले होते. तिने तोच टेप त्यांना लावला.

चौतीस. कंबर अठ्ठावीस.

कोणीतरी आत्ताच माप घेतलं होतं.

नवे कपडे कुठे जाण्यासाठी, हे तिला सांगायला नको होतं. रिकाम्या स्टुलापुढे बसून ती रडायलाच लागली. "आई, एवढ्यात नको गं नेऊस त्यांना. मला दुसरं कोण आहे?"

"कोण आहे?" काका म्हणाले.

आणि मग काकांच्याच तोंडून आलं...

"बरं. यांना सांभाळ."

काकांना 'यांना' म्हणणारी त्या घरात एकच बाई होती.

त्यानंतर मावशी आली नाही. "बाबांना ठेवून घेतलं, पण आईला मीच दारातून परत पाठवलं," ताई म्हणते, आणि पुढे तिला बोलवत नाही. दुपारभर ती मुद्दाम गप्प बसते, कान पुढच्या खोलीकडे लावून.

काल तिचा फोन आला. काकांनी खाणंही सोडलंय. सांगता सांगता ती गप्प झाली.

तेवढ्यात तिच्या मागून काकांचा आवाज...

"छाती बत्तीस."

ताई हुंदके देत हसली.

"आई आलीये गं," ती म्हणाली.

आणि मागून काका म्हणाले, "आलीये गं."