बेटाचं बारसं

बाळ चांगलं सव्वाशे एकरांचं होतं. ते पाळण्यात मावणं शक्य नव्हतं, म्हणून कोंडवाळच्या बायकांनी त्याच्या पोटातून नारळाएवढा गाळाचा गोळा काढला, दुपट्यात गुंडाळला आणि दोन होड्यांच्या डोलकाठ्यांना बांधलेल्या पाळण्यात निजवला. बाजूला घुगऱ्यांचं पातेलं रटरटत होतं. तीन वर्षांपूर्वी त्या चुलीच्या जागी दोन पुरुष पाणी असायचं.

समुद्र चढला तेव्हा कोंडवाळ गाव बुडालं. गावकऱ्यांना डोंगरावरच्या चाळी मिळाल्या, पण कोळ्याला डोंगरावर ठेवणं म्हणजे मासळी शिंक्यात टांगणं. म्हातारी माणसं खिडकीतून नुसती भरती-ओहोटी बघत बसायची. आता कायदा असा झाला होता की नव्या जमिनीने बारा महिन्यांची उधाणं सोसली तर तिला नाव देता येतं, आणि नाव मिळालं की घरं बांधता येतात. परवाच्या पुनवेला बारा महिने भरले होते.

हे सगळं घडवलं विरजणाने. शोध लावणाऱ्या डॉ. ऋजुता सुखटणकर त्याला 'पुंजकारी शेवाळ' म्हणत, पण तो शब्द गावात एक दिवसही टिकला नाही. तांबरी नदी आणते त्या गाळाचे कण मैद्याहून बारीक असतात. त्यांच्यावर एकाच जातीचा विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि पाण्यात तरंगत राहतात. मुखाशी खारं पाणी लागलं की ही लोटालोटी थंडावते. कण चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि जड झालेल्या गुठळ्या तळाशी बसतात. सगळे कण मात्र बसत नाहीत. उरलेले प्रवाहाबरोबर दूर निघून जातात. डॉक्टरबाईंचं शेवाळ चिकट स्राव सोडून नेमकं त्यांनाच पकडायचं. जिथे विरजण लावाल तिथे जमीन! जिथे पाणीसुद्धा समुद्रात 'वाया जातं' असं माणसं म्हणतात, त्या मुलखात गाळ वाया जातो हे कोणाला पटवून द्यावं लागलं नाही.

आता पेच एवढाच होता की नाव ठेवायला आत्या कुठून आणायची?

"नदी आई, दर्या बाप," एक म्हातारी म्हणाली. "दर्याला भैन हाय काय कोनी?"

"विरजन लावलं प्रणीतनं, म्हंजे बाप तोच!" दुसरीने निकाल दिला. प्रणीत तांडेल लाजून गोरामोरा झाला. विरजणाचं पहिलं पिंप त्याच्याच होडीतून ओतलं होतं. मग शेवऱ्याला दिलेल्या त्याच्या बहिणीला, तन्वीबाईंना, आवतण गेलं. त्या साठीच्या होत्या. त्या काळी आज्यांची नावं अशीच असत.

तन्वीबाई आल्या त्या गोळ्याच्या मापाची कुंची शिवून घेऊनच. बायका हसून हसून वाकल्या. कुंची घातलेला गोळा खरंच गोजिरा दिसत होता. त्याला झोका देत तन्वीबाईंनी शेजारी बसलेल्या डॉक्टरबाईंना विचारलं, "इरजन नव्हतं तवा ह्यो गाळ कुठं जायाचा वो?"

"वाया जायचा. पावसाळ्यातला प्रवाह त्याला किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला..." डॉक्टरबाई थांबल्या.

"दक्षिनेला तर मी ऱ्हातंय," तन्वीबाई हसत म्हणाल्या. "गावाम्होरं चिखल व्हता, चिखलात तिवरांचं रान. दर साली नवा थर बसायचा. दोन वरसं थर बसला नाय. चिखल खचला, तिवरं आडवी झाली. आता लाट माझ्या ओट्याला लागतेय."

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या टेबलावर आणखी अकरा नद्यांसाठी विरजणाच्या मागण्या पडल्या होत्या, आणि प्रत्येक नदीच्या दक्षिणेला कोणी ना कोणी राहत होतं. "मी आजच थांबवते हे," त्या पुटपुटल्या.

"थांबवाल तर ह्ये बेट?"

"दोन-तीन पावसाळ्यांत विरघळेल."

"आनि ह्ये सगळे परत चाळीत?" तन्वीबाईंनी समोर पाहिलं. प्रणीत ओल्या मातीत काठीने आपल्या घराचा चौकोन आखत होता. बायकोशी त्याचा वाद चालला होता, चूल कुठे आणि देव कुठे. भावाला इतका खुशीत त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्यांना फार बरं वाटलं, आणि त्याच घासाला घशात काटाही टोचला.

"आत्याबाई, नाव! नाव!" गलका झाला. बायका धपाटे घालायला त्यांच्या पाठीमागे सरसावल्या. तन्वीबाई पाळण्यावर वाकल्या, कुंची बाजूला सारून 'कुर्रर्र' केलं आणि म्हणाल्या, "शेवरं."

सगळे खो खो हसले. पाठीत धपाट्यांचा पाऊस पडला. "अगो, ते तुझ्या सासरच्या गावाचं नाव!" प्रणीत ओरडला.

"म्हनूनच ठेवलं. गाव हितंच आलंय की रे, थोडं थोडं करून," त्या म्हणाल्या. "घरं आखतंय तर दोन-चार आमचीबी आख. मानसं मागनं येतील."

प्रणीतने बहिणीच्या पाठीत धपाटा घालायला हात उगारला होता. तो हात हळूच तिच्या पाठीवर टेकला आणि तिथेच राहिला.