खिळ्यानं सुधारलेला अंदाज

भूकंप अजून झालाच नव्हता, तरी आजोबांच्या संगणकावरच्या नकाशात तळदरे गावातली बारा घरं लाल झाली होती. लाल म्हणजे कोसळणारी!

"न झालेल्या भूकंपात घरं पडतील कशी?" गिरिजानं विचारलं.

आजोबा भूकंप अभियंता. असे प्रश्न त्यांना जेवणापेक्षा प्रिय. "आधी जमीन किती हलेल ते काढायचं. मग तिच्यावर घरं आणि माणसं किती, ते मोजायचं. आणि शेवटी भेद्यता (तेवढ्या हादऱ्यानं घराचं किती नुकसान होईल, ते). सिमेंटचं घर नुसतं तडकेल, तिथंच दगडमातीचं खाली बसेल. हे सगळं जुळवलं की नुकसानीचा अंदाज येतो. मग लाल घरांना आपला दगडू पट्टे बांधतो."

दगडू हा यंत्रमानव. भिंतींना पोलादी पट्टे आवळण्यात पटाईत.

गिरिजानं नकाशात आत्याचं घर शोधलं. ते हिरवं होतं! "आत्याच्या घराला पट्टे नाहीत?"

"ड्रोननं पाहिलंय. सिमेंटचं पक्कं घर आहे."

"छे! सिमेंट नुसतं वरून. दसऱ्याचं तोरण मीच लावते तिथं. दोन ठोक्यांत खिळा आत जातो आणि ओढला की मातीसकट बाहेर!"

आजोबांचा चेहराच उतरला. तळदऱ्यात लग्न निघालं की जुन्या घराला सिमेंटचा गिलावा होतोच. ड्रोनला तेवढा गिलावा दिसला, आतली माती नाही.

दोन दिवस गिरिजा हातोडी घेऊन, विचारून विचारून, घरोघर खिळे ठोकत हिंडली. खिळा वाकला तर घर हिरवं, माती आली तर लाल. लाल घरं झाली एकतीस! दगडूनं दिवसरात्र खपून सगळ्यांना पट्टे बांधले. आत्याच्या घरालासुद्धा.

विसाव्या दिवशी सकाळी जमीन गरजली. भांडी धडाधड खाली आली. गिरिजा धावत सुटली ती थेट आत्याच्या अंगणात. भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग पडली होती. पण पट्ट्यांनी ती धरून ठेवली होती, आणि आत्या पिठाच्या हातांनी दारात उभी होती!

"भिंत फुटली गं पोरी, पण पडली न्हाई!" आत्यानं तिला उचलूनच घेतलं.

गावात एकही घर कोसळलं नाही. गिरिजा आनंदानं रडली, आणि तिला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

आजोबांनी अंदाजाच्या तक्त्यात एक नवा रकाना घातला: खिळा. आता खोऱ्यातल्या अकरा गावांत मुलं हातोड्या घेऊन निघाली आहेत.

यंदाच्या दसऱ्याला आत्याच्या दारावर तोरण लागलं ते पोलादी पट्ट्याला बांधून. गिरिजानं खिळा मागितलाच नाही.