मालनबाईंचं विरजण

अकरावीच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर लिहिते, पेशी फक्त पेशीतूनच जन्मते. हिंगोलीच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते आणि हे वाक्य पोरांकडून घोकून घेते. २००३च्या उन्हाळ्यापर्यंत माझा स्वतःचाही त्यावर विश्वास होता.

सासूबाई, मालनबाई, डोंगरकडा गावच्या. रोज कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात घालायचा, असं त्यांचं विरजण त्यांच्या सासूपासून चालत आलेलं. शेवटच्या आजारात त्यांनी माझा हात धरला.

"करुणा, मी गेल्यावर बी हे मोडू नको. लेकरू हाय घरात."

मी मान डोलावली.

त्या गेल्या आणि आठव्या दिवशी बरणीत बुरशीचा हिरवा ठिपका दिसला. दुसरी कोणी असती तर ठिपका काढून खालच्या चमचाभर दह्यावर पुन्हा चालू केलं असतं. मी पडले शास्त्राची बाई. होतं नव्हतं ते सगळं मोरीत ओतलं, बरणी उकळली आणि कॉलेजातून शुद्ध जिवाणूंची नळी आणली. स्वतःचं कौतुकही वाटलं.

"काहून फेकलं? मायचं होतं ते," माझा नवरा रवींद्र एवढंच म्हणाला आणि चप्पल घालून बाहेर गेला.

नळी उघडायची वेळच आली नाही. तापवलेलं दूध विरजण न घालताच लागलं, त्याचं दही झालं. उन्हाळा आहे, म्हटलं, भांडं खराब असेल. मग दूध बाटलीत भरलं, तोंडाला कापसाचा बोळा लावला आणि कुकरमध्ये वीस मिनिटं वाफवलं. तासाभरात दही. घट्ट, गोडसर, सासूबाईंच्या हातचं.

काचपट्टीवर थेंब घेऊन पाहिलं. जांभळ्या रंगात जिवाणूंच्या नेहमीच्याच साखळ्या. हे जिवाणू दुधातली साखर खातात, आम्ल तयार होतं, आम्लाने प्रथिन गोठतं. सगळं पुस्तकाबरहुकूम. फक्त ते आत आले कुठून, आणि सहा तासांचं काम तासात कसं झालं, हे मला सांगता येईना.

लेकरू तीन महिन्यांचं. माझं दूध पुरत नव्हतं, म्हणून बाटली. आता बाटली तोंडाशी नेईपर्यंत दूध लागायचं. आठवड्यात त्याचं वजन पाव किलोने उतरलं. मला भीती वाटू लागली, आणि भीतीपेक्षा जास्त स्वतःची लाज.

शेजारच्या गंगूताई सासूबाईंकडूनच विरजण न्यायच्या. दुपारी त्यांच्या दारात गेले.

"चमचाभर द्या. त्यांचं पुन्हा चालू करते."

"कुठलं देऊ, माय? तू फेकलंस त्या दिवसापासून माझं दूध लागतच नाही. गल्लीत कुणाचंच नाही."

त्यांनी माझ्या कडेवरच्या लेकराकडे पाहिलं आणि दार हळूच लोटलं.

डॉक्टर म्हणाले, वरचं दूध बंद करा, अंगावरच पाजा. मी अळीव खाल्ले, शतावरी घेतली. पान्हा आला. दोन दिवस लेकरू पोटभर प्यायलं, झोपलं. मी रडले, सुटलो एकदाचे म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने तोंड फिरवलं.

पुन्हा छातीशी घेतलं. पुन्हा फिरवलं, आणि रडायला लागलं.

दूध येतं का पाहावं म्हणून वाटीत थोडं पिळलं.

वाटी तिरकी केली. दूध हललं नाही.