नंदादीपाचा पेला

'शुक्ती' जहाजाच्या इंजिनखोलीत निथळ सकाळपासून हटून बसला होता. समुद्राकडची झडप काही केल्या उघडेना.

निथळ म्हणजे बादलीएवढा यंत्रमानव. जहाजाच्या तळाशी बिल्ज (इंजिनाचं ठिबकलेलं तेल मिसळलेलं पाणी) साठतं. तेल हलकं, म्हणून ते वर तरंगतं. तिथलं एक यंत्र ते वेगळं काढून टाकीत ठेवतं. उरलेल्या पाण्याच्या दहा लाख भागांत तेलाचे पंधराहून जास्त भाग नसतील, तरच ते समुद्रात सोडायचं. ही राखण निथळची. पण आज त्याच्या काचनळीतलं पाणी ताकासारखं पांढुरकं होतं.

"यंत्र तर ठणठणीत आहे. म्हणजे याचाच डोळा बिघडलाय," वेणूआत्या म्हणाली. ती जहाजाची मुख्य इंजिनिअर. "उद्या बंदरात याला उतरवून दुसरा घ्यावा लागणार."

आत्यासोबत जहाजावर आलेली तिची भाची शाल्मली पुढे सरसावली. सुट्टीभर निथळच तर तिचा सोबती होता.

"आत्या, त्यात चांगलं पाणी ओतू या ना! आकडा उतरेल."

"आकडा उतरेल, ताई," निथळ म्हणाला, "तेल मात्र तेवढंच जाईल. मासे काय आकडा गिळतात?"

"बघ, बोलायला कसा शहाणा!" आत्या हसली, पण निर्णय बदलला नाही.

तिन्हीसांजेला आत्याने देवापुढच्या नंदादीपाचा पेला घासायला दिला. खाली पाणी, वर तेलाचा पिवळा थर. शाल्मलीने त्यात साबण घालून पेला विसळला आणि ती थबकली. तेच पांढुरकं पाणी! तेल वर यायचं नावच घेईना.

"आत्या! काल तुला खूश करायला मी इंजिनखोलीची जमीन साबणाने घासली गं. सगळा फेस तळात गेला असणार!"

आत्याने पेला उजेडात धरला. "अगं बाई! हे तर पायस (पाण्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब विखुरलेलं मिश्रण). साबणामुळे थेंब इतके बारीक होतात, की एकत्र येऊन वर तरंगतच नाहीत. मग यंत्र काय वेगळं काढणार? निथळचं बरोबर होतं. चूक माझीच, मी त्याला विचारलंच नाही."

"मग या पाण्याचं काय?"

"टाकीत ठेवू. बंदरातल्या शुद्धीकरण केंद्राला देऊ."

"आणि निथळ?"

"तो कुठे जातोय? मला अडवणारं कुणीतरी हवंच की!"

सकाळी बंदर दिसू लागलं. शाल्मलीने पेला पुन्हा घासायला घेतला. आधी कापसाच्या बोळ्याने तेल टिपलं, मग साबणाला हात लावला.

निथळने तळवा पुढे केला. "तो बोळा द्या, ताई. माझ्या तेलकट कचऱ्याच्या डब्यात जागा आहे."