सहा लाकडं, सहा पेनड्राइव्ह

जेवणाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि फोन वाजला.

"असाल तसे वर या," प्रशासक म्हणाले. "आपली यादी बाहेर गेलीय."

कुलूपवाल्यांनी झाकण परत लावलं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी रुग्णालयातल्या जवळपास सगळ्या संगणकांची पेनड्राइव्ह लावायची तोंडं बंद करून टाकली, तेव्हापासून सगळे त्यांना याच नावाने ओळखत. त्यांच्या निवृत्तीला अजून सात वर्षं होती. गुडघे मात्र आधीच निवृत्त झाले होते. लिफ्ट नेहमीसारखी बंद होती, म्हणून ते जिन्याने गेले.

प्रशासकांच्या टेबलावर एक काळा पेनड्राइव्ह पडला होता. समोरच्या झेरॉक्सवाल्याने तो आणून दिला होता. कुणीतरी तो त्याच्या संगणकाला लावून विसरून गेलं होतं. मालक कोण ते बघायला त्याने उघडला, तर आत दोनशे दहा रुग्णांची नावं, पत्ते आणि आजार.

"कोण विसरलं, काही आठवतंय त्याला?"

"कसलं आठवतंय! विसरलेल्या पेनड्राइव्हचा डबाच आहे त्याच्याकडे. काठोकाठ भरलेला."

खिडकीशी मोठे सर्जन बसले होते. रुग्णालयात त्यांचा शब्द कुणी मोडत नसे.

"डोकं खाजवण्यासारखं काय आहे यात?" ते म्हणाले. "यादी असलेलं आणि पेनड्राइव्ह चालणारं मशीन एकच, नोंदणीच्या बाईंचं. त्यांनी घरून पेनड्राइव्ह आणला, यादी उतरवली. पाच वाजता निलंबनाचं पत्र हातात द्या."

"बाईंच्या निवृत्तीला चार महिने राहिलेत, साहेब," प्रशासक म्हणाले. "निलंबन झालं तर पेन्शन अडकेल."

"मग काय, पाठ थोपटू त्यांची?"

बाईंचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला होता. हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं, याचा कुलूपवाल्यांना वीट आला. त्यांनी पेनड्राइव्ह उचलला आणि जिना उतरले.

नोंदणीच्या खोलीत बाई रजिस्टर उघडं ठेवून बसल्या होत्या. रडून झालं असावं. मागच्या कपाटात सहा खिळ्यांवर सहा पेनड्राइव्ह टांगले होते. त्यातला प्रत्येक वीतभर लांबीच्या लाकडाला जाड दोऱ्याने बांधलेला, लाकडावर लाल रंगात नंबर. ही युक्ती कुलूपवाल्यांची. नुसता पेनड्राइव्ह खिशात जातो आणि घरी पोचतो, लाकूड खिशात मावत नाही. आधी सगळे हसले. मग तीन वर्षांत एकही हरवला नाही. दर शनिवारी कुलूपवाले येत, सहा मोजत आणि सही करत.

"घरून पेनड्राइव्ह आणला होतात, बाई?"

"भाऊ, माझ्या घरी संगणकच नाही. पेनड्राइव्ह काय शोकेसमध्ये ठेवू?"

"मग यादी कुणी उतरवली?"

"मीच. दर मंगळवारच्या सभेसाठी उतरवते, चार नंबरवर. सभागृहातल्या मशीनला तुम्ही यादीशी जोडणारी वायरच दिली नाहीत. सभा संपली की लाकूड घेऊन येते, पुसते, टांगते."

"या मंगळवारी?"

"या मंगळवारी पुसायला गेले, तर आधीच कोरा. म्हटलं, कुणाला तरी माझी दया आली."

"हे वर सांगितलंत?"

"सांगितलं ना. मोठे साहेब म्हणाले, कहाण्या रचू नका."

"सभा चालू असताना तुम्ही तिथेच होतात?"

बाईंनी मान खाली घातली. "यादी बघून झाली तशी मधे चहाला बाहेर गेले होते. खोटं कशाला बोलू? पेनड्राइव्ह मशीनलाच होता."

"सभेला कोण कोण होतं?"

"प्रशासक, मोठे साहेब, मेट्रन सिस्टर. मोठे साहेब फोनवर बोलत आतच राहिले. बाकीचे माझ्याबरोबर चहाला."

कुलूपवाल्यांनी एकेक लाकूड खिळ्यावरून काढलं. पाच लाकडांवरच्या गाठी ओबडधोबड होत्या आणि दोऱ्याची टोकं बोटभर लोंबत होती. चार नंबरचा दोरा तोच, मळकाच; पण इतरांपेक्षा आखूड. त्याची गाठ बारीक आणि सपाट. टोकं अगदी सारखी कापलेली.

"या गाठी कोण मारतं?"

"मीच. एकावर एक तीन मारते. सुटली तर तुम्ही ओरडाल."

बाहेर सापडलेल्या पेनड्राइव्हच्या दोरा ओवायच्या भोकाची कड घासून गुळगुळीत झाली होती. चार नंबरला टांगलेल्याची कोरीकरकरीत होती. कुलूपवाल्यांनी दोन्ही आपल्या खोलीत नेले. पुसलेलं सगळंच जात नाही. मशीनला वेळ दिला तर बरंच परत दिसतं. त्यांनी दोन तास वेळ दिला. डबा तसाच राहिला. चार वाजता उत्तर पडद्यावर आलं, आणि बाई सुटणार म्हणून आनंद व्हायच्या आधी त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

पावणेपाचला प्रशासकांच्या खोलीत सगळे जमले. बाई दाराशी उभ्या होत्या. टेबलावर टाइप केलेलं पत्र होतं. कुलूपवाल्यांनी तीन लाकडं, तीन जुने पेनड्राइव्ह आणि दोऱ्याचे तीन तुकडे मांडले.

"एवढे जरा बांधून द्या. हात दुखतोय माझा."

"आत्ता?" मेट्रन म्हणाल्या, पण बांधायला लागल्या. त्यांनी पट्टी बांधावी तसं बांधलं आणि टोकं लांब सोडली. प्रशासकांनी बुटाच्या नाडीसारखं फूल केलं. सर्जन बाईंचं पत्र वाचत होते. नजर न उचलता त्यांनी एका हाताने दोरा फिरवला, गाठ बसवली, कोटाच्या खिशातून लहान कात्री काढली आणि दोन्ही टोकं कापली.

कापायला कुणीच सांगितलं नव्हतं.

कुलूपवाल्यांनी शेजारी चार नंबर ठेवला. दोन्ही गाठी हुबेहूब.

"बाहेर सापडलेला पेनड्राइव्ह घरचा नाही," ते म्हणाले. "त्यात मागच्या कितीतरी मंगळवारच्या पुसलेल्या याद्या आहेत. तोच आपला खरा चार नंबर. लाकडाला जो टांगलाय त्यात आजवर कुणी एक अक्षरही लिहिलेलं नाही. तो दुकानातून आणलेला तसाच नवा, म्हणून बाईंना कोरा मिळाला. त्या खरंच सांगत होत्या. अदलाबदल झाली चहाच्या वेळी. गाठ कापली, पेनड्राइव्ह बदलला, परत बांधलं. दोन मिनिटांचं काम. ज्याचा हात रोज गाठी मारतो, त्याचं तर एका मिनिटाचं. आणि आत एकच माणूस होता."

प्रशासकांनी पंखा बंद केला, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सर्जनांनी कात्री खिशात ठेवली. "मला शोधनिबंध लिहायचा होता," ते म्हणाले. "दिवसभर ऑपरेशनं, इथे बसायला वेळ कुठे मिळतो? म्हटलं, घरी शांतपणे वाचावं. छापून आणायला ड्रायव्हरला पाठवलं. तो विसरला."

"वाचायला नेलात ते एक वेळ समजू शकतो, साहेब," कुलूपवाले म्हणाले. आवाज चढवायची ताकद त्यांच्यात नव्हती. "पण दुपारपासून तुम्ही बाईंचं पत्र टाइप करून घेत होतात."

सर्जनांनी हातातलं पत्र टेबलावर ठेवलं.

"आणि माझीही चूक लिहा," कुलूपवाले प्रशासकांना म्हणाले. "प्रत्येक पेनड्राइव्हला कारखान्यातून क्रमांक येतो. तो मी कधी लिहूनच ठेवला नाही. तीन वर्षं दर शनिवारी मी लाकडं मोजत होतो."

प्रशासकांनी पत्र उचललं, चार तुकडे केले आणि कोरा कागद पुढे ओढला. "आता दुसरं लिहावं लागेल," ते सर्जनांकडे न बघता म्हणाले. "आणि त्या दोनशे दहा जणांना कळवावंही लागेल."

बाई दारातून पुढे आल्या. त्यांच्या काखेत रजिस्टर होतं.

"साहेब, माझ्याकडे मागितला असतात तर मी नाहीच म्हटलं असतं," त्या सर्जनांना म्हणाल्या. "तेवढ्यासाठीच मला तिथे बसवलंय."

त्यांनी रजिस्टर टेबलावर उघडलं. मंगळवारच्या तारखेखाली एक ओळ रिकामी होती. तिथे त्यांनी बोट ठेवलं.

"चार नंबर. नेल्याची सही करा. परत आल्याचं मी लिहिते."

सर्जनांनी खिशातलं पेन काढलं आणि सही केली.