पुढच्या तारखेची सही

दवाखान्यातून फोन आला तेव्हा तो प्रयोगशाळेत काट्यावर पावडर तोलत होता. मेहुणा एवढंच म्हणाला, "भाऊजी, ताई गेली. या."

आदल्या दिवशी साध्या तापासाठी दाखल केलं होतं तिला. त्याने आकडा वहीत उतरवला, काट्याचं काचेचं दार लावलं, आणि मग तो निघाला.

ती भेटली होती तीही काट्यापाशीच. विद्यापीठात, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी. सगळ्या वर्गात एकच नाजूक काटा, आणि हा तो अडवून बसलेला.

"काट्याशी लग्न लावताय का?" मागून आवाज आला.

"आकडा थांबत नाहीये. वारा लागतोय."

"मग मी श्वास घेऊ नको?"

"थोडा वेळ... नाही घेतलात तर बरं."

तिने खरंच श्वास रोखला. गाल फुगवून, त्याच्याकडे बघत. आकडा थांबला — याचा जीव मात्र थाऱ्यावर राहिला नाही.

पुढे दोघं एकाच औषध कंपनीत लागली, वर्षभरात लग्नही झालं. तिच्याकडे एक मोठं गरम, दमट कपाट होतं. औषधाच्या बाटल्या त्यात ठेवायच्या, ठरल्या तारखेला एकेक काढून तपासायला द्यायची; औषध किती टिकतं ते त्यावरून कळे. दार उघडलं की कुणी अगदी जवळ येऊन श्वास सोडावा तशी वाफ तोंडावर येई.

तिला एक खोड होती. नोंदवहीत ती पुढच्या तारखांच्या सह्या आधीच करून ठेवी.

"काम झाल्यावर सही करायची असते, बाईसाहेब. नोकरी जाईल."

"त्या दिवशी मी कुठे जाणारे?" ती हसत म्हणायची.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी कपाट त्याच्याकडे आलं. बाटली काढायच्या दिवशी त्याने नोंदवही उघडली. त्या तारखेपुढे तिची सही होती. कपाट उघडलं — त्या बाटलीची जागा रिकामी. किल्ली एकच, ती त्याच्या खिशात. चौघांना विचारलं, कुणी हात लावला नव्हता.

तो आपल्या टेबलाशी परतला. बाटली तिथे होती. बाटलीवरच्या चिठ्ठीवर तिचं अक्षर. त्याने ती उचलली... काच कोमट होती. बाहेर काढून पाच मिनिटंही झाली नसावीत. ती गार होईपर्यंत तो हातात धरून उभा राहिला.

नोंदवही विभागप्रमुख मॅडमनी पाहिली.

"शुक्रवारी सरकारी तपासणी आहे. तिच्या सहीवर एक रेघ मार. बाजूला तुझी सही, तारीख, कारण. नाहीतर तिचं दोन वर्षांचं काम बाद धरतील."

"पण मॅडम, बाटली मी काढलेली नाही."

"मग कुणी काढली?"

त्याने वही आपल्याकडे ओढली.

"अरे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "गेलेल्या माणसाची सही कशी ठेवणार आपण?"

त्याने औषध तपासलं. टिकलं होतं. निकालाखाली त्याने स्वतःची सही केली.

आज गुरुवार. वही समोर उघडी आहे. कारण काय लिहायचं ते सुचलेलं नाही, आणि रेघ मारायची राहिली आहे.